बर्फाखालचा कॅमेरा बॉक्स: लेमिंग मोजायला भारी, पण जुने ट्रॅप लगेच भंगारात काढू नका

पहिलंच सांगून टाकतो, ५ पैकी ४ स्टार. पाचवा का कापला ते पुढे येईलच.

ही काही ऑनलाइन ऑर्डर करून दोन दिवसांत घरी येणारी वस्तू नाही. टुंड्रामध्ये लेमिंग आणि व्होल म्हणून जे उंदरांच्या जातकुळीतले छोटे प्राणी असतात ते कुठल्या वर्षी किती आहेत, वाढतायत की घटतायत, यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवायला जी साधनं वापरतात त्यातलं हे एक, पत्र्याचा डबा, आत कॅमेरा, आणि हिवाळाभर तो बर्फाखाली. मी नॉर्वेच्या अगदी उत्तर टोकाला, फिनमार्कमधल्या वारांगर द्वीपकल्पावर फील्ड असिस्टंट म्हणून काम केलंय, हे सगळं सामान स्वतःच्या पाठीवर वाहिलंय आणि त्या कॅमेऱ्यांचे फोटो बघून बघून डोळे लाल करून घेतलेत. उत्तर नॉर्वेतल्याच ट्रॉम्सो शहराच्या युनिव्हर्सिटीत इकॉलॉजी करायला अधूनमधून आपली मराठी पोरं येतात आणि पहिल्या आठवड्यात सगळे तेच विचारतात की अरे हे ट्रॅप कुठले चांगले, तो पत्र्याचा डबा कशासाठी, थंडीत कॅमेरा चालतो का, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो, पुढच्याला लिंक पाठवून मोकळा.

आधी हे मोजायचंच कशाला ते बघू, कारण घरी फोनवर आईला सांगितलं तर तिचा पण हाच प्रश्न होता, उंदीर मोजायला एवढ्या लांब गेलास? तर इथलं सगळं गणित यांच्यावर चालतं. नॉर्वेजियन लेमिंग म्हणजे पिवळा-काळा-तपकिरी, तळहातात मावेल असा गुबगुबीत प्राणी, शेपूट जवळजवळ नाहीच, आणि स्वभाव महाभांडकुदळ, पळून जायचं सोडून जागेवर उभा राहून तुमच्या बुटावर किंचाळतो. साधारण तीन ते पाच वर्षांनी यांचं एक मोठं वर्ष येतं, तेव्हा पाऊल टाकाल तिथे लेमिंग, आणि पुढच्या वर्षी शोधून सापडत नाही. मोठ्या वर्षी आर्क्टिक कोल्ह्याला भरपूर पिल्लं होतात, हिमघुबड घरटं करतं, लांब शेपटीचा स्कुआ नावाचा समुद्रपक्षी अंडी घालतो, आणि लेमिंग नसले की यातले बरेच जण त्या वर्षी पिल्लांच्या भानगडीतच पडत नाहीत. हे असं आकडे वर-खाली होणं विज्ञानात नीट मांडलं ते चार्ल्स एल्टन या ब्रिटिश प्राणीशास्त्रज्ञाने, १९२४ मध्ये, आणि ट्रॉम्सोवाल्यांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे त्याच्या आदल्या वर्षी आर्क्टिकमधल्या स्पिट्सबर्गेन बेटावरून परतताना त्याने ट्रॉम्सोलाच थांबून रॉबर्ट कॉलेटचं नॉर्वेच्या सस्तन प्राण्यांवरचं पुस्तक विकत घेतलं होतं, ज्यात लेमिंगच्या मोठ्या वर्षांची माहिती होती. तिथून त्याच्या डोक्यात हा किडा शिरला.

आता यातली खरी अडचण. लेमिंग हिवाळ्यात झोपून राहत नाही. जमीन आतून थोडी उबदार असते, वरची हवा गारठलेली असते, त्यामुळे बर्फाच्या अगदी खालच्या थराची वाफ होऊन वर सरकत जाते आणि तळाला साखरेसारखे जाड, सुटे स्फटिक आणि मोकळी जागा तयार होते. वर उणे वीस-पंचवीस असलं तरी तिथे तापमान शून्याच्या आसपास. लेमिंगचं घर, रस्ते, जेवण (मुख्यतः मॉस म्हणजे शेवाळ), बाळंतपण, सगळं तिथेच. आणि बर्फ वारांगरवर वर्षातले सात-आठ महिने असतो. म्हणजे ज्या काळात संख्या वाढते नाहीतर कोसळते, नेमका तोच काळ आपल्याला दिसत नाही. भर हिवाळ्यात मधेच पाऊस पडला आणि तो गोठला तर तळाशी बर्फाची कडक लादी बसते, खाणं लादीखाली आणि लेमिंग वर, खेळ खलास. दक्षिण नॉर्वेत फिन्सेला १९९४ नंतर मोठी वर्षं येणंच बरीच वर्षं बंद झालं होतं आणि २००८ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासात त्याचा संबंध बिघडलेल्या हिवाळ्याशी, बर्फाच्या प्रतीशी लावलाय. ईशान्य ग्रीनलँडमध्ये पण २००० च्या सुमारास हे चक्र असंच मोडलं आणि तिथल्या हिमघुबडांची पिल्लं जवळपास दिसेनाशी झाली. त्यामुळे हिवाळ्यात खाली काय चाललंय हे बघणं ही काही हौस नाही.

जुन्या साधनांबद्दल थोडं, कारण तुलना त्यांच्याशीच आहे.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जुना म्हणजे मारायचा ट्रॅप, आपल्या किराणा दुकानात मिळतो तोच, लाकडी फळी आणि स्प्रिंगवाला. पद्धत अशी की १५ बाय १५ मीटरचा चौकोन आखायचा, चारही कोपऱ्यांत तीन-तीन ट्रॅप लावायचे, म्हणजे बारा, आणि शंभर ट्रॅप-रात्रींमागे (एक ट्रॅप एक रात्र लावला की एक ट्रॅप-रात्र) किती सापडले तो आकडा काढायचा. आमिष म्हणून बेदाणे आणि ओट्स. फिनलंडच्या किल्पिसयार्वीला १९४० च्या दशकापासून छोट्या उंदरांची अशी मोजदाद चाललीये म्हणून त्या डेटाला तोड नाही, आणि आजचा आकडा जुन्या आकड्याशी जोडायचा असेल तर पद्धत बदलून चालत नाही हा मोठा मुद्दा आहे. पण प्राणी मरतो, हे एक. दुसरं, लेमिंगला बेदाण्यात फारसा रस नसतो, तो चुकून रस्त्यात आला तर सापडतो, त्यामुळे व्होलचा आकडा बरा येतो आणि लेमिंगचा कमी. आणि तिसरं, वर्षातून दोनदाच लावतात, बर्फ गेल्यावर आणि बर्फ यायच्या आधी. मधल्या सिनेमाचा फक्त पहिला आणि शेवटचा सीन.

मग जिवंत पकडायचे ट्रॅप. लाँगवर्थ हा ब्रिटिश, ऑक्सफर्डच्या लोकांनी बनवलेला, १९४९ मध्ये त्याची रचना छापून आली. अॅल्युमिनियमचा बोगदा आणि मागे जोडलेली खोली, खोलीत गवत आणि खाणं भरायचं म्हणजे प्राणी रात्र काढू शकतो. बांधणी एक नंबर, वजन आणि किंमत मात्र रडवते. शरमन हा अमेरिकन, घडी होतो, सपाट होऊन बॅगेत बसतो, आपल्याकडे भारतात पण उंदरांवर संशोधन करणाऱ्यांना हाच माहीत असतो, पण त्याला वेगळी झोपायची खोली नाही, थंडीच्या जागी मला तो फारसा पटत नाही. आणि इकडे स्कँडिनेव्हियात सगळ्यात जास्त दिसतो तो स्वीडिश उग्लान, जाळीचा, वर पत्र्याचं छप्पर, आणि यात एका वेळी एकापेक्षा जास्त प्राणी अडकू शकतात, त्यामुळे मोठ्या वर्षी हाच कामाचा, बाकीचे ट्रॅप एक आला की बंद.

जिवंत पकडण्याचा फायदा मोठा आहे. वजन कळतं, नर-मादी कळतं, मादी गाभण आहे का ते कळतं, चिप नाहीतर कानात बिल्ला लावून सोडला की पुढच्या वेळी तोच आला का ते कळतं, आणि त्यावरून खरी संख्या काढता येते. पण दिवसातून दोनदा फेरी, पाऊस असो वारा असो, आणि चिचुंद्री अडकली तर तिला दर काही तासांनी खायला लागतं म्हणून ती पटकन मरते, ते बघणं वाईट. शिवाय सरकारी परवानगी लागते, नॉर्वेत ती अन्नसुरक्षा खात्याकडून येते, फॉर्म भरता भरता बर्फ पडायला लागतो. हातमोजे कंपल्सरी. लेमिंगमुळे टुलारेमिया पसरू शकतो, इकडच्या लोकांनी त्या आजाराला लेमिंगचंच नाव दिलंय, आणि लेमिंगच्या वर्षी ओढ्याचं पाणी न उकळता पिऊ नका हे स्थानिक लोक आधी सांगतात.

हिवाळी घरटी मोजणं हा अजून एक प्रकार. बर्फ गेला की जमिनीवर गवताचे गोळे उघडे पडतात, ते मोजायचे, उघडायचे, आत केस आणि हाडं असतील तर स्टोटने (लांबट अंगाचा छोटा शिकारी प्राणी) येऊन घरमालकालाच खाल्लं असं समजायचं. ग्रीनलँडच्या कारुपेल्व खोऱ्यात १९८८ पासून हे करतायत. खर्च शून्य, फक्त पाय पाहिजेत. पण ती घटना झाल्यानंतरची बातमी आहे.

(आमच्या सांगली साइडला उसात उंदीर किती हे बघायला संध्याकाळी सगळी बिळं मातीने बुजवतात आणि सकाळी किती उघडली ते मोजतात, फुकटात काम. मी हे इथे जेवणाच्या टेबलावर सांगितलं तर सगळे फार खूश झाले, पण इथे चालत नाही, लेमिंगचं बीळ म्हणजे शेवाळातली आणि दगडांमधली चाळण असते, बुजवणार काय काय.)

आता बॉक्स. २०१५ मध्ये एवा सोइनिनेन आणि ट्रॉम्सोच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर पेपर लिहिला, आणि नंतर कोट नावाचा जो टुंड्रावर लक्ष ठेवायचा मोठा प्रकल्प आहे, ट्रॉम्सो युनिव्हर्सिटीच्या पुढाकाराने चालणारा, त्यात हे बॉक्स वारांगरवर कायमचे बसले. दिसायला अगदी आपल्या घरी माळ्यावर असते ती पत्र्याची ट्रंक. खाली जमिनीला टेकलेली, दोन टोकांना प्राणी येण्या-जाण्याइतकं भोक, म्हणजे बोगदाच, आणि वरच्या बाजूला आत खाली तोंड करून कॅमेरा. साध्या कॅमेरा ट्रॅपचा फोकस काही मीटरवर असतो, बिबट्या-सांबराचे फोटो काढणाऱ्यांना माहीत असेल, इथे प्राणी लेन्सपासून वीतभर लांब, म्हणून जवळचा फोकस करून घेतलेला कॅमेरा लागतो, साधा आणून लावला तर लेमिंगच्या जागी धुरकट ढेकूळ येतं. फ्लॅश इन्फ्रारेड, त्यामुळे फोटो काळेपांढरे. आमिष काही नाही, हे मला सगळ्यात आवडतं. छोट्या प्राण्याला आडोशाने पळायची सवय, बोगदा दिसला की तो आपणहून घुसतो.

बसवायचा उन्हाळ्यात, जिथे हिवाळ्यात बर्फ साचतो अशा खोलगट जागी, कारण लेमिंग हिवाळा तिथेच काढतात. जागा नीट बघून, प्राण्यांच्या पायवाटेवर, बाजूने दगड लावून. मग वरून बर्फ येतो, बॉक्स गाडला जातो, नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही, आणि तुम्ही घरी कॉफी पिताय तेव्हा खाली कॅमेरा आपलं काम करतोय. पुढच्या उन्हाळ्यात जायचं, कार्ड काढायचं, सेल बदलायचे, झाकण लावायचं, पुढच्या बॉक्सकडे चालू पडायचं. वर्षातून एक फेरी. जिवंत ट्रॅपच्या दिवसाला दोन फेऱ्या केलेल्या माणसाला हे म्हणजे पगारी सुट्टी.

कार्डावर काय मिळतं? लेमिंग. व्होल. चिचुंद्री. आणि मधेच एखादा फोटो असा येतो की अंगावर काटा, पूर्ण फ्रेम भरून पांढरा स्टोट नाहीतर त्याचा छोटा भाऊ वीझल, हे लांबट अंगाचे शिकारी लेमिंगच्याच बोगद्यातून लेमिंगच्या मागे फिरतात. मारायच्या ट्रॅपमध्ये हे क्वचित सापडतात, बर्फावरचे ठसे बघून फक्त अंदाज करायचा, इथे तारीख-वेळेसकट पुरावा. शिकार आणि शिकारी एकाच यंत्रात नोंदले जाणं ही याची खरी कमाई आहे असं माझं मत, कारण लेमिंगची संख्या पडली ती लादीमुळे का स्टोटमुळे हे भांडण शास्त्रज्ञांमध्ये पिढ्यानपिढ्या चालू आहे आणि आत्तापर्यंत दोन्ही पार्ट्यांकडे बहुतेक उन्हाळ्याचेच आकडे होते.

अजून एक छुपी गोष्ट जी कोणी सांगत नाही. कॅमेरा प्रत्येक फोटोवर तापमान छापतो. ते खाली-वर नाचत असेल तर बॉक्स उघडा आहे, आणि एक दिवस ते शून्याच्या जवळ येऊन सपाट झालं की समजायचं वरून बर्फाची गोधडी बसली. म्हणजे बर्फ कधी आला, कधी गेला, मधे कधी वितळला, हे सगळं फुकटात, वेगळा थर्मामीटर नको. मी तर आधी तो तापमानाचा ग्राफ बघतो आणि मग फोटो.

फोटोंचा ढीग हा वेगळा विषय. एखाद्या व्होलला बॉक्स इतका आवडतो की तो तिथेच बसून राहतो, अंग खाजवतो, गवत आणून ठेवतो, आणि तुमच्याकडे त्याच व्होलच्या पाठीचे फोटोच फोटो. आधी माणसं बसून एकेक फोटो ओळखायची, आता ट्रॉम्सोच्याच लोकांनी कॉम्प्युटरला शिकवलंय, तो लेमिंग, व्होल, चिचुंद्री, स्टोट, वीझल, रिकामा, असे गठ्ठे करून देतो, आणि ज्यावर त्याची खात्री नाही ते माणसाने बघायचे. काम खूप हलकं झालंय. तरी पण माणूस लागतोच, अर्धी शेपूट आणि धुकं असलेला फोटो कॉम्प्युटर बिनधास्त काहीही ठरवतो.

आता पाचवा स्टार का कापला ते.

पहिलं आणि सगळ्यात मोठं, हा बॉक्स प्राणी मोजत नाही, प्राण्यांचं येणं-जाणं मोजतो. एक हौशी लेमिंग पन्नास वेळा आला आणि पन्नास लेमिंग एकेकदा आले, फोटोत दोन्ही सारखेच. यावर उपाय म्हणून कॅमेरा आणि जिवंत ट्रॅप एकाच जागी लावून ताळा घेतलाय, आणि व्होलच्या बाबतीत तो बराच चांगला जुळलाय, म्हणजे चढ-उतार बघायला आकडा विश्वासाचा आहे. पण हेक्टरी नेमके किती, असं विचारलंत तर बॉक्स एकटा उत्तर देऊ शकत नाही. दुसरं, व्होलच्या जाती. वारांगरवर टुंड्रा व्होल आहे, राखाडी बाजूंचा व्होल आहे, लाल पाठीचा आहे, आणि काळ्यापांढऱ्या फोटोत लाल पाठ कुठली लाल दिसायला. लेमिंग मात्र अंगावरच्या काळ्या पट्ट्यांमुळे झटकन ओळखू येतो. तिसरं, वजन नाही, वय नाही, गाभण आहे का ते नाही. हिवाळ्यात पिल्लं झाली का हा लाखमोलाचा प्रश्न आणि फोटोत फारतर आकाराने छोटा दिसतो एवढंच.

चौथं म्हणजे पाणी. जागा चुकली तर बर्फ वितळताना बॉक्समध्ये पाणी शिरतं, गोठतं, आणि मग कॅमेरा बर्फाच्या भिंतीचे फोटो काढत बसतो. लेन्सवर दव गोठतं ते वेगळंच. आणि वर्षातून एकच फेरी हा जो गुण सांगितला ना, तोच दुर्गुण पण आहे, कॅमेरा ऑक्टोबरमध्ये मेला तर तुम्हाला ते पुढच्या जुलैत कळणार, आणि तो हिवाळा परत येत नाही. म्हणून कॅमेरा ठरावीक वेळाने आपोआप एक फोटो काढेल असं सेटिंग ठेवतात, समोर काही नसलं तरी, म्हणजे निदान कळतं की इथपर्यंत चालू होता, यानंतर फोटो नाहीत ते प्राणी नाहीत म्हणून नव्हे, कॅमेरा मेला म्हणून. हे सेटिंग विसरू नका, नाहीतर शून्य आणि 'माहीत नाही' यातला फरकच पुसला जातो आणि मग आकडेमोड करणारा माणूस तुम्हाला फोन करून करून हैराण करतो.

सेल लिथियमचेच घ्या. साधे अल्कलाइन थंडीत लवकर माना टाकतात. एका ऑनलाइन दुकानाने आम्हाला लिथियमच्या नावाखाली भलतेच सेल पाठवले होते, नाव घेत नाही, पण पाकीट फोडून छापलेलं नीट वाचल्याशिवाय एकही सेल कॅमेऱ्यात घालायचा नाही हा नियम तेव्हापासून.

किंमत म्हणाल तर कॅमेरा हाच मोठा खर्च, डबा वर्कशॉपमध्ये बनवून घेता येतो. पण एक-दोन बॉक्सने काही होत नाही, जागोजागी आणि वेगवेगळ्या खोऱ्यांत ठेवावे लागतात, तेव्हा बजेट असलेल्या संस्थेचंच हे काम. एकट्या एमएससीच्या पोराने मारे हौसेने स्वतः विकत घ्यायला जाऊ नये, प्रकल्पाचे आधीच जमा झालेले फोटो मागावेत, त्यात अजून चिकार काम बाकी आहे. आणि कोणी विचारेल की हा आपल्या उसात लावला तर? प्राणी येतील, नक्की येतील, पण तिथे बर्फ नाही, बिळं मोजून काम होतंय, आणि बांधावर ठेवलेला कॅमेरा पहिल्या रात्रीच कोणाच्या तरी घरी गेलेला असेल.

माझा सल्ला असा की हिवाळा पाहिजे असेल, स्टोट-वीझल पाहिजे असतील, लांब पल्ल्याचे चढ-उतार पाहिजे असतील तर बॉक्स घ्या, दुसरं काही त्याच्या जवळपास पण नाही. संख्या, वय, पिल्लं पाहिजे असतील तर बॉक्सच्या जोडीला उन्हाळ्यात उग्लान लावाच. आणि जिथे स्प्रिंगच्या ट्रॅपची जुनी मालिका चालू आहे तिथे काही वर्षं दोन्ही शेजारी-शेजारी चालवा, मगच जुनी बंद करायचा विचार करा. जाताना बॅगेत जास्तीची कार्डं, सिलिका जेलच्या पुड्या, लेन्स पुसायचं फडकं, आणि बॉक्सच्या झाकणाचे जास्तीचे स्क्रू टाका, शेवाळात पडलेला स्क्रू आजवर कोणाला परत सापडलेला मी तरी बघितला नाही.